गंगामूळची लक्ष्मीबाई व तिचे कुटुंब

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत कोणाचे स्मरण करावयाचे, याची एक रीत पडून गेली आहे. देवळाचा पाया घालणारे धर्मगुरू, शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनी, वर्गणीस हात सैल सोडणारे सज्जन यांची नावे मानाने छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मातीवर हे सर्व उभे राहते ती माती कसणाऱ्या स्त्रियांचे नाव त्यांत क्वचितच आढळते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा आपला हा टापू आज कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे पवना व इंद्रायणी यांच्या मधली ज्वारी-बाजरीची शेते एकामागून एक कुंपणाआड गेली. चाकणचा कांद्याचा बाजार मात्र जुन्या दिवसांची साक्ष देत अजून भरत असतो. आपल्या धर्मग्रामात नगरकडून, मराठवाड्याकडून येऊन जी कुटुंबे वसली, त्यांतील बहुतेकांच्या आज्या खुरपणी, कापणी व मळणी करीतच म्हाताऱ्या झाल्या. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात अशा एका स्त्रीची हकीकत सांगण्याचे योजिले आहे, की जिने बालवयात अरण्यात जाऊन संसार उभा केला, आणि जिची कहाणी तिच्या लेकीने सांगून ठेवली म्हणूनच आपणापर्यंत पोहोचली.

ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडच्या बाजूस रेल्वेने जाताना केडगावचे स्टेशन लागते. तेथील मुक्तिसदनाचे नाव ऐकिले नाही असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रात विरळा. रमाबाईंचे पांडित्य, त्यांचा विलायतेचा प्रवास, त्यांची परित्यक्तांविषयीची कळकळ यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण शंभर एकर जमीन घेऊन विहिरी खणवाव्यात, फळझाडे लावावीत, हे एका संस्कृत पंडितेस सुचले कोठून, असा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर रमाबाईंच्या आईपाशी आहे.

आईची हकीकत सांगावयाची तर प्रथम वडिलांची थोडी सांगितली पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. विद्येसाठी ते पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकू लागले. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यासाठी रामचंद्रशास्त्र्यांना वाड्यात जावे लागे, आणि कधी कधी ते या शिष्यास बरोबर नेत. तेथे एक स्त्री शुद्ध उच्चारांनी संस्कृत श्लोक म्हणत आहे हे ऐकून तो तरुण विद्यार्थी थक्क झाला. आपणही घरी गेल्यावर पत्नीस शिकवावयाचे असे त्याने मनाशी ठरविले. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, पत्नीचीही इच्छा दिसेना, आणि तो बेत तसाच राहिला. पुढे ती पत्नी निवर्तली. अनंतशास्त्री मध्यंतरी म्हैसूरच्या दरबारी जाऊन मान व द्रव्य मिळवून आले होते. आता चाळिशी उलटल्यावर ते यात्रेस निघाले.

यात्रेत गोदावरीच्या तीरी पैठण येथे एक गृहस्थ आपली पत्नी व दोन मुली यांसह उतरला होता. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटी सात वर्षांची. नदीवर स्नानास आलेल्या अनंतशास्त्र्यांशी त्याची गाठ पडली. कूळ, गोत्र, गाव यांची विचारपूस झाली. हा मनुष्य विधुर आहे असे कळताच त्याने थोरली मुलगी देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागले. लग्न लागताच मुलगी नवऱ्याच्या स्वाधीन करून ते कुटुंब पुढील यात्रेस चालते झाले, आणि नऊ वर्षांची लक्ष्मीबाई एका अपरिचित प्रौढ पुरुषाबरोबर शेकडो मैल दक्षिणेस निघाली. हे वाचून आजच्या वाचकाचे मन विटेल, आणि विटलेच पाहिजे. बालविवाहाचे समर्थन कोणत्याही काळाच्या नावाने होऊ शकत नाही. इतकेच म्हणता येईल, की ज्या हाती ती पडली ते हात कठोर नव्हते. ज्या रीतीने त्या पोरीस आईबापांपासून तोडले त्याच रीतीने त्या काळी हजारो पोरी तोडल्या गेल्या. त्यांपैकी फारच थोड्यांच्या हाती पुस्तक पडले.

घरी आणल्यावर अनंतशास्त्र्यांनी तिला संस्कृत शिकवावयास आरंभ केला, आणि जुना विरोध पुन्हा उसळला. स्त्रीस देवभाषा शिकविणे हा अधर्म, असे आप्तेष्ट म्हणू लागले. पुढे धर्मगुरूंपुढे व पंडितांपुढे उभे राहून त्यांना आपल्या कृत्याचा जाब द्यावा लागला, तेव्हा त्यांनी शास्त्रांतील उताऱ्यांमागून उतारे काढून आपली बाजू मांडली. परंतु वादात जिंकलेला मनुष्य शेजारात सुखाने राहू शकतोच असे नाही. रोजच्या कुरबुरीस कंटाळून त्यांनी गाव सोडावयाचे ठरविले व पत्नीस घेऊन ते सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळच्या अरण्यात गेले.

गंगामूळ हे स्थान आजच्या कर्नाटक राज्यात, कुद्रेमुखाच्या डोंगररांगेत आहे. तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्यांचा उगम तेथला. म्हणून ते तीर्थस्थान मानिले जाते. पाऊस असा, की कोकणच्या माणसानेही हात टेकावेत. झाडी इतकी दाट, की दिवसा उजेड कमी. जेथे नवराबायको प्रथम पोहोचली तेथे घर तर नव्हतेच, आडोसाही नव्हता. पहिली रात्र उघड्यावर काढावी लागली. दरीच्या पलीकडे एक वाघ रात्रभर डरकाळ्या फोडीत होता. ती पोर अंगाभोवती पासोडी घट्ट लपेटून जमिनीवर पडून भीतीने थरथरत होती, आणि पती उजाडेपर्यंत पहारा करीत बसला होता. पहाटे वाघ निघून गेला. त्यानंतरही रानातील श्वापदांनी तिला अनेकदा घाबरविले. पण धडा एक दिवसही चुकला नाही, असे सांगतात. मला यात वाघाचे तितकेसे नवल वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी उठली, चूल मांडली आणि धडा म्हणावयास बसली, याचे वाटते.

हळूहळू तेथे घर उभे राहिले. घराबरोबर संसार आला, आणि संसाराबरोबर शेतीभाती व गुरेढोरे. ज्यांनी कोकणात किंवा घाटमाथ्यावर दिवस काढिले आहेत त्यांस डोंगरातील शेती म्हणजे काय हे सांगावयास नको. उतारावर बांध घालून पाणी अडवावे तेव्हा खाचर तयार होते. पावसाने बांध फोडला की पुन्हा माती वाहून आणावी लागते. पीक तयार होऊ लागले की रानडुकरे व माकडे यांची राखण. चार महिन्यांच्या पावसासाठी सरपण, धान्य, मीठ ही आधीच भरून ठेवावी लागतात, कारण एकदा झड लागली की डोंगर उतरणे नाही. अशा जागी पुरुष पोथीत रमणारा असेल तर घराचा भार कोणावर पडतो हे उघड आहे. अनंतशास्त्र्यांची कीर्ती ऐकून दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहू लागले. पतीचे वृद्ध आईबाप आले. स्वतःची मुले झाली. त्यांपैकी तीन जगली, ती म्हणजे कृष्णाबाई, श्रीनिवास व २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेली रमा. या सर्वांचे जेवणखाण, दुखणीबाणी, गुरांचे दूधदुभते ही लक्ष्मीबाईकडे. नऊ वर्षांची जी पोर वाघाच्या आवाजाने थरथरली होती, तीच आता एका आश्रमाची कर्ती बाई झाली होती. आणि एवढ्यातूनही ती संस्कृतात इतकी तरबेज झाली की पुढे मुलीस ती स्वतः शिकवू शकली. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात जी कर्तबगार गृहिणी वर्णिली आहे, जी शेत पारखून घेते व आपल्या हातच्या कमाईने द्राक्षमळा लाविते, तिच्याही अंगावर एवढा भार होता की नाही, कोण जाणे.

परंतु हा संसार एका सद्गुणानेच बुडविला. गंगामूळ तीर्थस्थान असल्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागे, आणि दारी आलेल्यास जेवू घातल्याशिवाय पाठवावयाचे नाही हा अनंतशास्त्र्यांचा नेम. पाहुणे येत, राहत, जेवत आणि पुण्य पदरी पाडून जात. शेताचे उत्पन्न अपुरे पडू लागले, कर्ज झाले, कर्जावर कर्ज झाले. अब्राहामानेही मम्रेच्या झाडाखाली पाहुण्यांचा सत्कार केला होता. पण त्याचे कळप मोठे होते व त्याने कोणाकडून उसने घेतल्याचे लिहिलेले नाही. अतिथ्याच्या पानात वाढलेला भात कोणाच्या कष्टाचा आहे, हा विचार उदार पुरुषांच्या मनात येत नाही असा माझा अनुभव आहे. अखेर तेरा वर्षांचा तो संसार मोडावा लागला. रमा तेव्हा सुमारे सहा महिन्यांची होती. वेताच्या एका मोठ्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरमाथ्यावरून खाली आणिले, आणि माझी यात्रा अशी तान्हेपणीच सुरू झाली, असे त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे.

यानंतरची सोळा वर्षे त्या कुटुंबाने वाटेवर काढिली. क्षेत्रामागून क्षेत्र, देवळामागून देऊळ. शास्त्रीबोवा पुराण सांगत. श्रोते जे धान्य, पैसा किंवा वस्त्र देत त्यावर निर्वाह चाले. वडील थकत चालले होते, म्हणून धाकट्या मुलीचे शिक्षण आईने हाती घेतले. दिवसभर कामाचा रगाडा. मोकळा वेळ तो पहाटेचाच. झोपेने जड झालेल्या मुलीस आई लाडाने उठवी, जवळ घेऊन बसे व श्लोकामागून श्लोक म्हणवून घेई. पुस्तक असे नव्हतेच. आईचे मुख हेच पुस्तक. काही चरित्रकारांनी हा प्रसंग गंगामूळच्या पाखरांच्या किलबिलाटात बसविला आहे. पण रमा सहा महिन्यांची असतानाच ते घर सुटले, आणि आईचे धडे ती सुमारे आठ वर्षांची झाल्यावर सुरू झाले; तेव्हा ती पहाट एखाद्या धर्मशाळेतील ओसरीवरची समजली पाहिजे. चित्र थोडे कमी रम्य होते खरे, पण त्या माउलीचे कष्ट त्यात अधिक दिसतात. रमा पंधरा वर्षांची होईपर्यंत हे शिक्षण चालले. थोरल्या मुलीचा विवाह लहानपणीच करून दिला होता व तो सुखाचा झाला नाही. त्यामुळे धाकटीस अविवाहित ठेवून शिकू दिले, हेही त्या काळी केवढे धाडस!

मग मद्रास इलाख्यातील दुष्काळ आला. होते नव्हते ते विकले गेले. दागिने गेले, भांडी गेली. शेवटचा तांदळाचा दाणाही संपला, तेव्हा त्या पाच जीवांनी लोकांपुढे हात पसरण्याऐवजी रानात जाऊन मरावे असे ठरविले. अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढिल्या. वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला व एकेकाचा निरोपही घेतला; इतक्यात श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन, पण तुम्ही हे करू नका. सर्वजण जवळच्या गावाकडे निघाले. पण उशीर झाला होता. १८७४ साली अनंतशास्त्र्यांनी देह ठेविला.

येथे थोडे थांबले पाहिजे. रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी लिहिताना एक कबुली मोकळ्या मनाने दिली आहे: आम्ही धर्मग्रंथांपलीकडे काही शिकलो नव्हतो, हातांनी करण्याचे काम आम्हांस येत नव्हते आणि भीक मागणेही साधत नव्हते. ज्या घराने डोंगरात भात पिकविला, त्याच घरातील मुलांना पोट भरण्याचे एकही काम येऊ नये, हे मोठे नवल आहे. लक्ष्मीबाईंनी आपली विद्या मुलीस पूर्णपणे दिली. आपले शेत मात्र त्या देऊ शकल्या नाहीत, कारण ते राहिलेच नव्हते.

पती गेल्यावर काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई अंथरुणास खिळल्या. उपासाने शरीर आधीच झिजले होते. आईला काही तरी खावयास हवे म्हणून रमा एका शेजारणीच्या दारी गेली. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या बाईने समजून बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेविला. तो आईपुढे नेला, पण आईस तो गिळता आला नाही. ती गेली. स्मशान तीन मैल लांब, आणि खांदा देण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. रमेची उंची लहान, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेऊन आईस पोहोचविले. थोडक्याच काळात कृष्णाबाईही गेल्या.

भावंडे दोघेच उरली. पायी चालत ती काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीचा कडाका असह्य झाला तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, वरून वाळूच ओढून घेऊन त्यांनी रात्र काढिली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. रस्त्याच्या कडेला आईने शिकविलेल्या विद्येची तेथील पंडितांनी परीक्षा घेतली व तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवासाचा मृत्यू झाला; त्याच वर्षी रमाबाईंचा बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह; १८८१ साली मनोरमेचा जन्म; १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन. पुणे, इंग्लंड, अमेरिका ही पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन पंथात. त्या आपल्या ख्रिस्तसभेतील नव्हत्या, हे सत्य आहे व ते झाकण्याचे कारण नाही. पण उपाशी पोरींस जवळ करणाऱ्या स्त्रीविषयी लिहिताना पंथाची भिंत आड यावी असे मला वाटत नाही.

१८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्याचा खर्च अमेरिकेतील मित्रमंडळ दहा वर्षे चालविणार होते. दहा वर्षांनंतर काय, हा विचार रमाबाईंस पडला, आणि येथे गंगामूळच्या लेकीचा हात दिसतो. त्यांनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळबाग लाविली, अशा हेतूने की बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. अनंतशास्त्र्यांनी पाहुण्यांसाठी शेत घालविले होते. मुलीने आश्रितांसाठी आधी शेत केले.

बाग पुरती फळास येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्याच्या बातम्या ऐकून रमाबाईंस आपले रानातील अकरा दिवस आठवले व त्या मध्यप्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. नवीन मुलींस शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावची मोकळी जमीन उपयोगी पडली. प्रथम तंबू व तात्पुरत्या झोपड्या, मग १८९८ साली मुक्तिसदनाची पायाभरणी. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी शेकडो आल्या व संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. त्या अवर्षणात विहिरींचे पाणी पुरले, म्हणून एवढी माणसे जगली.

तेथील शिक्षणक्रम पाहावा. वाचन-लेखन तर होतेच. त्याबरोबर शेतकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, स्वयंपाक आणि छापखाना. मनोरमाबाई आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकवीत. केवळ श्लोक येणारी व हाताने काही न येणारी मुलगी दुष्काळात कशी होते हे ज्या बाईने स्वतः भोगले, तिने केलेला हा क्रम आहे. आणि पोथीही सुटली नाही. ग्रामीण स्त्रीस समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळविणाऱ्या, कागद ओढणाऱ्या त्याच मुली होत्या, ज्या दुसऱ्या पाळीस मळ्यात राबत.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई अविवाहितच निवर्तल्या. आईने ते दुःख गिळून भाषांतराचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही देहावसान झाले. लक्ष्मीबाईंचा वंश त्यांच्या नातीबरोबर संपला. छापलेले शास्त्र १९२४ साली बाहेर पडले. केडगावचे मुक्तिसदन अद्याप चालू आहे. गंगामूळचा डोंगर १९८७ साली कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात गेला. तेथे पुन्हा दाट रान आहे आणि वाघही आहेत.